मोकळी जागा

तळ्याकाठच्या नव्या गाळ्यांचं उद्घाटन झालं त्या दिवशी मी वार्ताहरांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बसलो होतो. नारळ फुटला, फीत कापली, शाली वाटून झाल्या. मग सूत्रसंचालकानं खिशातून कागद काढला आणि गळा साफ करून म्हणाला, "ही जागा मोकळी व्हावी म्हणून ज्यांनी सभागृहात ठराव मांडला, त्या माजी नगरसेविका कैलासवासी वच्छलाबाई यांचंही आज आपण स्मरण करू या." टाळ्या पडल्या. वच्छलाबाईच्या बौद्ध गल्लीत माणूस गेलं की कालकथित म्हणतात, कैलासवासी म्हणत नाहीत, तेवढंही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. मी उठलो आणि सरळ घरी आलो. पेपरला बातमी दिली ती चार ओळींची, आणि त्यात तिचं नाव घातलं नाही.

त्या टाळ्या अजून माझ्या कानातून जात नाहीत. म्हणून हे लिहितोय. पेपरात छापायला नाही, माझ्या जिवासाठी.

आख्खं गाव तिला वच्छलामाय म्हणायचं. गाव म्हणजे हिंगोलीहून एसटीनं तासाभराच्या आत येणारं, धड खेडं नाही, धड शहर नाही असं. हळदीच्या दिवसांत गजबजतं, एरवी जांभया देतं. इथल्या सरकारी दवाखान्यात ती आया होती. डॉक्टर येत आणि बदलून जात, सिस्टर येत आणि बदलून जात, वच्छलामाय कुठंच गेली नाही. बुटकी, रुंद हाडाची, चालताना एक खांदा पुढं काढून गर्दीतून वाट करत निघाल्यासारखी चालायची, भले समोर रिकामा व्हरांडा असो. तोंडात सदा लवंग. आणि आवाज असा की बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून ती बोलली की बाहेर चिंचेखाली बसलेले नातेवाईक ताडकन उठून उभे राहायचे.

"मोकळी झाली!"

हे दोन शब्द ऐकायला लोक तासन्‌तास बसायचे. पण त्यांच्यापुढचं ऐकायचं तर वच्छलामायची एक परीक्षा होती. "काय झालं?" असं कुणी विचारलं की ती दार लावून घ्यायची. एकदा हळदीचा एक बडा आडत्या सुनेसाठी आलेला. त्यानं विचारलं, "काय झालं, पोरगा का पोरगी?" दार बंद. पुन्हा उघडलं, त्यानं पुन्हा तेच विचारलं, दार पुन्हा बंद. हिंगोलीच्या बाजारात ज्याच्या एका खुणेवर भाव ठरायचा, तो माणूस घाम पुसत दाराशी उभा. शेवटी कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. तिसऱ्यांदा दार उघडल्यावर तो म्हणाला, "पोरीची तब्येत कशी हाय, माय?"

"आता बराबर बोललास. बरी हाय. तकलीफ लई झाली तिला. नात झाली तुला, जिलबी आन."

त्यानं आणली. वच्छलामायनं ती आधी बाळंतिणीच्या आईला दिली, मग झाडूवाल्याला, मग स्वतः खाल्ली. आडत्याला दिली नाही.

रिकामं हा शब्द तिला चालायचा नाही. घागर रिकामी असली तरी ती म्हणायची, घागर मोकळी हाय. खाट मोकळी हाय, पिशवी मोकळी हाय, आज मी मोकळी हाय. नव्या आलेल्या सिस्टर तिची चेष्टा करायच्या, मुद्दाम विचारायच्या, "मावशी, सलाईनची बाटली रिकामी झाली का हो?" आणि ती डोळे वटारून म्हणायची, "मोकळी झाली." एकदा मी विचारलं, काहून गं माय, एवढा राग काहून त्या शब्दाचा? ती म्हणाली, "ज्या बाईचं लेकरू ऱ्हात न्हाई, तिला लोकं म्हनत्यात, रिकाम्या हातानं गेली. माह्या कानानं लई ऐकलं ते. रिकामं म्हंजे ज्यात काईच न्हाई. मोकळं म्हंजे वाट पाहून राहिलं." बोलून झाल्यावर तिनं लवंग चावली आणि बादली उचलून निघून गेली.

तिच्यापाशी असं बोलायचा मला हक्क होता, कारण आमचं पहिलं लेकरू तिच्याच हातून आलं आणि तिच्याच हातून मातीआड गेलं.

तेव्हा मी आणि शोभा या गावात नवे होतो. माझं मूळ गाव परभणीकडचं, इथं भाड्याची खोली, ना शेत ना भावकी. भर दुपारी मी चिंचेखाली उभा होतो. वच्छलामाय दारात आली. मी पढवल्यासारखं विचारलं, "शोभा कशी हाय?" ती म्हणाली, "मोकळी झाली." पण आवाज खाली होता, मला एकट्याला ऐकू येईल एवढाच. मग तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. लेकरू पोटातच गेलं होतं. मुलगा होता. तेवढं मी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं.

आपल्याकडं एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. ज्याचं शेत असतं तो बांधाला नेतो. मला बांध कुठला? वच्छलामायला ते न सांगता कळलं. तिनं तिच्या जुन्या पातळाचा तुकडा आणला, मऊ झालेला, त्यात लेकराला गुंडाळलं, आणि माझ्यापुढं चालायला लागली. तळ्यावर आलो. तळ्याला निजामाच्या काळातले दोन दगडी धक्के होते. एकावर बायका धुणं धुवायच्या, दुसऱ्याला भोयांच्या नावा लागायच्या, शिंगाड्यांच्या टोपल्या उतरायच्या. दोन धक्क्यांच्या मधे करंजाची झाडं आणि पुढं मऊ मातीची मोठी पट्टी, मालकी सरकारजमा, पुढं नगरपंचायतीची झाली. तिथं एका करंजाखाली तिनं विळ्यानं खड्डा केला. मला हात लावू दिला नाही. मी दगड ठेवायला गेलो तर म्हणाली, "दगड नगं. दगड दिसला की लोकं इचारत्यात. अन् घाबरू नगं, एकटं न्हाई राह्यचं ते. इथं लई हायेत."

"इथंच काहून, माय?"

तिनं मला गप्प राहायची खूण केली. पलीकडच्या धक्क्यावर धुणं आपटल्याचा आवाज येत होता, दोघी कशावरून तरी कडाकडा भांडत होत्या, तिसरी हसत होती. "ऐकलं? दिवसभर असंच चालू ऱ्हातं. लेकराला बायांचा आवाज पायजे. मसनवट्यात कोन बोलतं त्याच्याशी?"

मी तिथं रडलो. ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, माझं होईपर्यंत.

पुढं आमच्या घरी नळ आला, वॉशिंग मशीनही आलं, पण शोभा चादरी घेऊन धक्क्यावर जायची ती जायचीच. शेजारणी विचारायच्या तेव्हा सांगायची, नळाच्या पाण्यात चादर निघत नाही. तिला तिथं दुसऱ्याही बायका भेटायच्या ज्यांच्या चादरी नळाच्या पाण्यात निघत नव्हत्या. त्या एकमेकींना काही विचारायच्या नाहीत. मोठमोठ्यानं बोलायच्या मात्र, सासूचं, भाजीचं, पोरांच्या परीक्षेचं. वच्छलामाय निवृत्त झाल्यावर रोज सकाळी विहारात जाऊन आली की धक्क्याच्या पायरीवर येऊन बसायची आणि आवाज कमी झाला की ओरडायची, "काय गं, मुक्या झाल्या का सगळ्या?"

निवृत्तीनंतर तिला निवडणुकीला उभं केलं ते गंमत म्हणूनच. तळ्याकडचा वॉर्ड महिलेसाठी राखीव झाला. पुढाऱ्यांनी हिशेब केला, बाई साधी, विधवा, पोरगा पुण्याला नोकरीला, मधे लुडबुड करायला कुणी नाही, सांगू तिथं सही करील. मतं मागायला ती फिरलीच नाही. पायरीवर बसून राहिली. त्या वॉर्डातल्या अर्ध्या मतदारांना तिनंच जगात आणलं होतं, मत कुणाला द्यायचं हा प्रश्न कुणाला पडणार?

पहिल्या सभेला मी वार्ताहर म्हणून होतो. नगरसेविकांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे ऐसपैस बसलेले, आणि बायका मागं भिंतीशी. वच्छलामाय आली, एका नवऱ्यापुढं उभी राहिली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुमी कुन्या वार्डातून निवडून आलाव?" तो हसला. "मी मिस्टर, मावशी." ती म्हणाली, "माहे मिस्टर वर गेले, त्यानी खुर्ची सोडली. तुमाला तेवढं लांब जायाचं काम न्हाई, भाईर गेलं तरी चालतंय." सभागृह दणाणलं. नवरे एक एक करून उठले. पुढच्या सभांना पुन्हा येऊन बसले ही गोष्ट वेगळी, पण वच्छलामाय दारात दिसली की अर्धे तरी उठून उभे राहायचे, चिंचेखाली उठायचे तसेच.

मग एका सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आला. तळ्याकाठच्या नगरपंचायतीच्या मालकीच्या रिकाम्या जागा व धक्के यांच्या भावी वापराबाबत निर्णय घेणे.

सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. एक म्हणाला गाळे काढा, एक म्हणाला मंगल कार्यालय बांधा, एकाला तिथं बाग आणि बोटिंग हवं होतं, नांदेडला त्यानं पाहिलं होतं. प्रत्येक जण हवेत बोटानं नकाशा काढत होता. वच्छलामाय गप्प बसून ऐकत होती. लवंग तोंडात नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. शेवटी ती उठली.

"अध्यक्षसाहेब, त्यातला एक शब्द खोडा."

"कोणता, मावशी?"

"रिकाम्या. ती जागा रिकामी न्हाई."

"तिथं आहे काय, मावशी? माती अन् करंजं."

टेबलाची कडा दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली. मला वाटलं, आता सांगते. मी लिहायचं थांबलो, कारण तिनं सांगितलं असतं तर माझंही लेकरू त्या सभागृहात बोललं गेलं असतं. पण ज्या ज्या आईला तिनं कुठं बोलणार नाही असा शब्द दिला होता, त्यांतल्या कितीतरी गावातच होत्या. काही लग्न करून दूर गेल्या होत्या, काहींच्या सासरी काही माहीतच नव्हतं. आणि नंतर ती मला म्हणाली तेही खरं होतं. एकदा का लोकांनी त्या जागेला मसनवटा म्हटलं असतं, की धुणं बंद, शिंगाडे बंद, सांज झाली की त्या वाटेनं कुणी फिरकलं नसतं. लेकरांसाठी जागा राखायची आणि आवाज घालवायचा, हे तिला पटणारं नव्हतं.

"ती मोकळी हाय," ती म्हणाली. "मोकळी हाय तर मोकळीच ठिवा. बाया धुनं धुत्यात, गंगारामदादा भोयाच्या नावा लागत्यात, म्हतारे येऊन बसत्यात. समद्या गावात एक जागा मोकळी ऱ्हायली तर तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशीनं इथंबी बाळंतपण काढलं!" सगळे हसले, तीही हसली. अध्यक्षांना पुढं कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. ते म्हणाले, घ्या बरं मावशीचं लिहून, गाळ्यांचं पुढं बघू. लिपिकानं लिहिलं. तळ्याकाठची जागा व दोन्ही धक्के मोकळे ठेवण्यात यावेत. सूचक, श्रीमती वच्छलाबाई. सर्वानुमते मंजूर. वच्छलामायनं त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मग परत एकदा. मोकळे, मोकळे, असं तिच्या ओठांवर दिसत होतं.

त्या दिवशी तिनं धक्क्यावर जिलबी वाटली. शोभानं घरी आणली ती पुडी, अर्धी मला दिली, अर्धी ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत बसली. तसा आनंदाचा दिवस आमच्या घरात त्या एका गोष्टीवरून कधी आला नव्हता.

नगरपंचायतीची मुदत संपली. पुढची निवडणूक काही होईना, तेव्हा गावोगाव बसले तसे आमच्याकडंही प्रशासक बसले. तरुण अधिकारी होते. मी आजवर पाहिलेल्या अधिकाऱ्यांत सरळ माणूस. चहा घ्यायचे तोही स्वतःच्या खिशातला. तळ्याकाठच्या जागेची फाईल वर आली, तेव्हा त्यांनी आधीच्या सभेनं काय ठरवलं ते बघितलं. धक्के मोकळे ठेवण्यात यावेत. कचेरीत या वाक्याचा एकच अर्थ होतो, आणि तो तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. रस्ता मोकळा करा म्हणजे हातगाड्या उचला. जागा मोकळी करा म्हणजे जो बसलाय त्याला उठवा.

एका सकाळी जेसीबी आला. बायकांचे धुण्याचे दगड उचलले. दगड कसले, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेल्या शिळा त्या, प्रत्येकीची शिळा ठरलेली. भोयांच्या नावा ओढून कचेरीच्या आवारात नेऊन उपड्या घातल्या. धक्क्यावर पाटी लागली, धुणे धुण्यास सक्त मनाई आहे. खाली ठरावाचा उल्लेख. नोटीस जिला जिला मिळाली, तिनं ती शिकलेल्या पोरांकडून वाचून घेतली, आणि त्यात सूचक म्हणून कुणाचं नाव आहे तेही कळलं.

मी वच्छलामायच्या घरी होतो तेव्हाच गंगारामदादा आला. भोयांमधला वडीलधारा माणूस, शांत, तळ्यावर नाव वल्हवताना कधी पाणी उडू न देणारा. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"माय, माह्या दोनी पोरी तुह्या हातानं झाल्या," तो म्हणाला. "अन् तुह्याच नावानं माही नाव उचलून नेली."

"दादा, म्या मोकळी ठिवा म्हनलं होतं रं."

"व्हय की. केली त्यानी मोकळी."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. टोपी नीट केली आणि गेला. वच्छलामाय दाराच्या चौकटीला धरून उभी होती, गल्लीच्या टोकाला तो दिसेनासा झाला तरी उभी होती. त्या दिवसापासून तिच्या दारावरून जाणाऱ्या बायका मान खाली घालून जायला लागल्या. ज्यांची लेकरं तिथं होती त्यासुद्धा. त्यांना वाटलं, खुर्चीवर बसल्यावर मायही विसरली. ज्या बाईनं त्यांचं सगळ्यात मोठं दुःख पोटात ठेवलं होतं, तिला त्यांनी टाकलं, आणि तिनं तोंड उघडून आपली बाजू मांडली नाही. कशी मांडणार? एकीला सांगायचं तर दुसरीचं उघडं पडणार.

ती कचेरीत गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. प्रशासकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, माहा शब्द मला वापस द्या."

"म्हणजे, मावशी?"

"तो मोकळी शब्द. माह्या तोंडातून चुकीचा गेला. दुसरा लिवा."

साहेबांनी फाईल बघितली. म्हणाले, "मावशी, इतिवृत्त कायम झालंय. आणि तुमचा ठराव चांगलाच होता. सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण निघालं, कुणाचा वापर राहिला नाही, म्हणून तर आता गाळ्यांची योजना मंजूर होतेय. गावाला उत्पन्न सुरू होईल." मग तिचा चेहरा बघून त्यांना काही वाटलं असावं, ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही खुली जागा म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आराखड्यात खुली म्हणजे राखीव. तिथं बांधता येत नाही."

"खुली अन् मोकळी येगळी असती?"

"कागदावर असते, मावशी."

पंखा फिरत होता. मग मी आयुष्यात ऐकलं नव्हतं एवढ्या बारीक आवाजात ती म्हणाली, "साहेब, तिथं लेकरं हायेत."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, लेकरांचा विचार केलाय ना आम्ही! गाळ्यांच्या मागं छोटी बाग आहे. घसरगुंडी आहे, झोके आहेत. खेळू दे की त्यांना, कोण अडवणार आहे?"

मी तोंड उघडलं. वच्छलामायनं टेबलाखाली माझा हात दाबला. अगदी दवाखान्यात धरला होता तसाच धरला, सोडला नाही. मग ती उठली, साहेबांना म्हणाली, "बरं झालं बाप्पा. झोके बांधा," आणि बाहेर आली. जिन्यावर ती खाली बसली. मला म्हणाली, "पाह्य, किती चांगला मानूस हाय. त्याला काय दोष द्यू?"

मी घरी येऊन शोभाला सांगितलं. तिनं चप्पल घातली आणि वच्छलामायकडं गेली. मीही मागं गेलो. माय पलंगावर बसली होती, चूल थंड होती. शोभा आत गेली, चहा केला, तिच्या हातात कप दिला, आणि तिच्याशेजारी मांडीला मांडी लावून बसली. माय म्हणाली, "तू बी मला बोल की गं. तुह्यं बी तिथंच हाय." शोभा म्हणाली, "चहा घ्या, निवून राहिला." दोघी एका पलंगावर बसून चहा प्यायल्या, आणि मग एकदम दोघी रडायला लागल्या. मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. मला तिथं काही काम नव्हतं.

त्यानंतर तिनं जेवण सोडलं नाही, आजारी पडली नाही, काही नाही. फक्त बोलणं कमी केलं. जिचा आवाज चिंचेपर्यंत जायचा, ती आता भाजीवाल्याला बोटानं खूण करायची. धक्क्याभोवती पत्रे ठोकले गेले. ती पत्र्याबाहेर येऊन उभी राहायची. आत आता कुणी धूत नव्हतं, भांडत नव्हतं. तिथली ती शांतता मला सहन व्हायची नाही, मी वाट बदलली होती. ती रोज जायची. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली. पोरगा पुण्याहून आला, तिच्या गल्लीतली आणि आमच्यासारखी थोडी माणसं जमली. गंगारामदादा आला होता. लांब उभा राहिला, पण आला होता.

मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, उन्हाळ्यात, पाया खणायला सुरुवात झाली त्या सकाळी. कामाची बातमी द्यायची म्हणून मला जावंच लागलं. करंजं पाडून झाली होती. जेसीबी माती उपसत होता आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाहेर पडत होत्या. वच्छलामाय पत्र्याच्या फाटकापाशी उभी होती. पहिल्या ट्रॉलीला तिनं हात आडवा केला. ड्रायव्हर डोंगरकडा गावचा होता, तिला ओळखत नव्हता.

"कुठं नेऊन राहिलास रं ही माती?"

"बायपासला, मावशी. खड्डे भरायला."

ती ट्रॉलीकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि त्या वयात, कुणी आधार द्यायच्या आत, वर चढली. मातीच्या ढिगावर जाऊन बसली. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "मावशी, पडताल! उतरा, काय पायजे तुमाला?"

"काई नगं. तू चाल."

"आवं पर कशाला?"

"कुठं चाललीत ते कुनीतरी पाहाया पायजे ना बाबा. चाल तू. हळू चाल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला मानेनंच जा म्हटलं. ट्रॅक्टर निघाला. रस्ता उखडलेला, ट्रॉली सारखी आदळत होती. वच्छलामायनं एका हातानं फळी घट्ट धरली होती. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ट्रॉली आदळली की ती खाली वाकायची, आणि दुसऱ्या हातानं ती माती थोपटायची.